उसन्या शब्दांची बाजू

गेल्या महिन्यात एका कार्यशाळेचं आमंत्रण आलं. विषय : ‘लिहित्या हातांसाठी शब्दसंपदा आणि प्रेरणा’. आयोजकांनी फोनवर माझ्याकडे दोन गोष्टी मागितल्या. पहिली, पन्नास शब्दांची यादी, “जरा वेगळे, ठेवणीतले, मुलांनी कधी ऐकले नसतील असे.” दुसरी, माझ्या प्रेरणांवर वीस मिनिटांचं बोलणं. मी म्हटलं, अशी यादी माझ्याकडे नाही. पलीकडून हसत उत्तर आलं, “असं कसं मॅडम? इतकी वर्षं अनुवाद करताय. शब्दांच्या बाबतीत तुम्ही श्रीमंतच की!”

फोन ठेवला आणि मला राग आला. आयोजक भला माणूस आहे, हेतूही चांगला आहे, म्हणून रागाचं कारण शोधायला दोन दिवस लागले. ते त्या ‘श्रीमंत’ शब्दात होतं. शब्द म्हणजे मालमत्ता, लेखक म्हणजे तिचा मालक आणि लिहिणं म्हणजे तिजोरी उघडून त्यातलं ठेवणीतलं काढून मिरवणं, ही समजूत आपल्याकडे इतकी मुरली आहे की तिच्यावर कुणी शंकाही घेत नाही. शाळेच्या फळ्यावर ‘आजचा शब्द’ असतो. २७ फेब्रुवारी आला की कचेऱ्यांच्या दारात विस्मरणात गेलेल्या शब्दांचे फलक लागतात. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाल्यापासून तर या दागिन्यांना नव्याने झळाळी आली आहे. मला या सगळ्याविरुद्ध बोलायचं आहे. लिहिणाऱ्याचे शब्द त्याच्या मालकीचे नसतात, ते उसने आणलेले असतात. कुणाकडून आणले हे विसरलं की त्याचा शब्दसाठा वाढल्यासारखा वाटतो खरा, पण त्याचं लिहिणं खोटं होऊ लागतं. आणि ज्याला आपण प्रेरणा म्हणतो ती बहुतेक वेळा या उसनवारीचीच गरज असते.

इथे कुणीतरी तुकोबांना साक्षीला बोलावणार, हे मला ठाऊक आहे. शब्दसंपदेवरचं एकही भाषण त्यांच्या त्या अभंगाशिवाय पुरं होत नाही. त्यांनी शब्दांना धन म्हटलंय, हे खरंच. पण त्याच अभंगात ते धन लोकांत वाटून टाकण्याचीही गोष्ट आहे, आणि ती सांगायची वेळ आली की भाषण संपलेलं असतं.

माझा पत्ता सांगते, म्हणजे मी कुठून बोलते ते कळेल. मी मूळची निपाणीची. घरात मराठी, शाळा मराठी, रस्त्यावर दोन्ही. गेली चौदा वर्षं म्हैसूरला सरस्वतीपुरममध्ये राहते. घरापासून चालत गेलं की कुक्करहळ्ळीचं तळं, तळ्यापलीकडे मानसगंगोत्री, आणि तिथे १९६९ साली स्थापन झालेली भारतीय भाषा संस्था. भाषांच्या बाबतीत यापेक्षा चांगला शेजार मागूनही मिळणार नाही. पण इथे आले तेव्हा माझं कन्नड ऐकून भाजीवाली हसली होती. आमच्याकडचं कन्नड प्रत्येक वाक्याला ‘री’ लावतं, इथलं लावत नाही. आणि पुण्यात माझं मराठी ऐकून एकाने विचारलं होतं, “तुम्ही कानडी का?” दोन्हीकडे उपरी. तौलनिक साहित्यात एम.ए. करताना अशा जागेला भारदस्त नावं असतात हे कळलं. वर्गात आम्ही अननुवाद्यतेवर तास तास बोलायचो. पुढे अनुवाद करायला बसले तेव्हा अडलं ते शिंप्याच्या दुकानात.

एका कन्नड कादंबरीचं काम चाललं होतं. तिच्यात एका शिंप्याचं प्रकरण आहे. माझ्या खर्ड्यात वाक्य होतं, ‘त्याने कापड कापायला घेतलं’. व्याकरण बरोबर, अर्थ बरोबर. त्याच आठवड्यात ब्लाउज उसवून घ्यायला आमच्या टेलरमामांकडे गेले. त्यांचं घराणं भावसार, कैक पिढ्या म्हैसूर मुलखात. घरात मराठी बोलतात, पण ती मराठी लिहायची कधी वेळ आली नाही. हिशेबाची वही कन्नडमध्ये. मी सहज त्यांना ते वाक्य वाचून दाखवलं. मामांनी चष्म्यावरून पाहिलं. म्हणाले, “कापतो तो खिसेकापू. दुकानदार कापड फाडतो. शिंपी बेततो, अक्का.”

बेतणे! हा शब्द मला येत नव्हता का? येत होता. एखादी गोष्ट जिवावर बेतते हे मी शंभर वेळा लिहिलं असेल. मनातले बेत, सणाच्या जेवणाचा बेत, हेही. पण माप घेऊन, अंगाचा अंदाज बांधून, कापडाचा अडवा-उभा पाहून कात्री लावण्यापूर्वी खडूने आखण्याचं आणि मग कापण्याचं ते सगळं काम म्हणजे बेतणं, हे माझ्या हाताला माहीत नव्हतं. कोशात तो अर्थ आहे. मी घरी येऊन पाहिला. पण कोशात ‘कापणे’ पाहणाऱ्याला ‘बेतणे’ सापडत नाही. तिथे जायला मध्ये एक माणूस लागतो.

मग मी त्या दुकानात तासन् तास बसले. यंत्रावर मारतात ती टीप. हाताने घालतात तो टाका. कच्चा जोडायचा तो धावदोरा. सदऱ्याच्या बगलेत हात मोकळा राहावा म्हणून घालतात ती कळी. पुस्तकात पानाच्या तळाशी आपण जी टीप देतो तिच्या आणि मामांच्या टिपेच्या नावात काही फरक नाही, हे तिथे बसून पहिल्यांदा जाणवलं. दोन्हींचं कामही तेच, सुटं राहिलेलं जोडून घ्यायचं. माझ्या अनुवादातलं ते प्रकरण दोन पानांचं आहे. त्या दोन पानांत माझा एकही शब्द नाही. सगळे मामांकडून आणलेले.

आता यात शब्दसंपदा कुणाची? कार्यशाळेच्या हिशेबात माझी. माझ्या यादीत ‘बेतणे’ हा ‘ठेवणीतला’ शब्द म्हणून छान शोभेल. मामांच्या दृष्टीने मात्र तो ठेवणीतला नाहीच, सकाळी दहा ते रात्री आठ वापरायचा आहे, कात्रीसारखा. एखाद्या शब्दाला आपण दुर्मीळ म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा इतकंच झालेलं असतं की तो रोज बोलणारी माणसं आपल्या ओळखीची नसतात. शब्द विस्मरणात गेला असं म्हणताना विस्मरण कुणाचं, हे सांगायचं आपण टाळतो.

त्याच कादंबरीत दुसरा शब्द अडला, आणि त्यावरून भांडण झालं. कन्नडमध्ये ‘जगलि’ म्हणजे घराच्या पुढच्या अंगाला असलेली उंचवट्याची बसायची जागा. मराठीत काय म्हणायचं? ओटा, ओटी, ओसरी, पडवी, सोपा, कट्टा. सहा शब्द आहेत आणि सहाही वेगळ्या घरांतले आहेत. ओटी आणि पडवी म्हटलं की कोकणातलं घर उभं राहतं. ओसरी देशावरच्या वाड्याची. कट्ट्यावर रिकामटेकडे बसतात. कादंबरीतल्या घराशी जुळणारा मला सोपा वाटला, कारण निपाणीत आमच्या आजीच्या घराला सोपा होता. अंगणातून एक पायरी चढली की सोपा. त्या पायरीवरून कोण चढणार आणि कोण खालीच उभं राहणार हे कुणी सांगावं लागत नसे. आजी तंबाखूच्या वखारीत कामाला जायची. तिच्याबरोबरच्या बायका मजुरीचा हिशेब सांगायला घरी यायच्या, त्यातल्या काही सोप्यावर टेकायच्या, काही अंगणात उकिडव्या बसायच्या. मी लहान होते. मला वाटायचं, ज्यांना ऊन आवडतं त्या अंगणात बसतात.

कादंबरीतला म्हातारा गडी पहिल्या प्रकरणापासून जगलीखाली उभा आहे. शेवटी त्याचा नातू त्या जगलीवर येऊन बसतो, एवढंच घडतं. सगळी कादंबरी त्या बसण्यासाठी लिहिलेली आहे. मी ‘सोपा’ लिहिलं. मुद्रितं आली तेव्हा प्रत्येक ठिकाणी ‘व्हरांडा’ झालं होतं. फोन केला. प्रकाशनसंस्थेतल्या संपादकांनी शांतपणे समजावलं, “अहो, वाचक सोपा म्हणजे अवघडच्या उलट असं समजेल. शिवाय शब्द प्रादेशिक आहे.” मी म्हटलं, व्हरांड्यात कुणीही बसतं. व्हरांडा शाळेला असतो, इस्पितळाला असतो. व्हरांड्यावर नातू बसला तर त्यात घडलं काय? ते म्हणाले, “संदर्भावरून कळेल.” मी म्हटलं, संदर्भावरून कळणारच असेल तर मग सोपाही कळेल! पुस्तक ‘व्हरांडा’सह छापलं गेलं. मामांचं आणि आणखी चार जणांचं नाव असलेलं ऋणनिर्देशाचं पानही गळलं, कारण सोळा पानांच्या फॉर्मात ते बसत नव्हतं.

संपादकांची बाजू पूर्ण चुकीची होती असं मी म्हणणार नाही. बडोद्याच्या किंवा मुंबईच्या वाचकाला सोपा ठाऊक नसणं शक्य आहे. पण वाचक न कळणाऱ्या शब्दापाशी पुस्तक मिटतो, हे कुणी ठरवलं? मराठी वाचकाचा इतिहास नेमका उलटा आहे. १९८० साली लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ आलं, १९८४ मध्ये शरणकुमार लिंबाळे यांचं ‘अक्करमाशी’, १९८७ मध्ये लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’. पांढरपेशा वाचकाला यातल्या काही नावांपाशीच थांबून अर्थ विचारावा लागला. आत तर पानोपानी तसंच होतं. तरी ती पुस्तकं वाचली गेली, त्यांच्या आवृत्त्या निघाल्या, आणि मराठीत जे शब्द छापायची सोय नव्हती ते छापले जाऊ लागले. मराठीचा शब्दसाठा वाढवायचे जेवढे सोहळे झाले असतील त्या सगळ्यांनी मिळून जेवढं केलं नसेल तेवढं या पुस्तकांनी केलं. त्यांच्या लेखकांना कुणी शब्दांची यादी दिली नव्हती. त्यांच्याकडे सांगण्यासारखं होतं, आणि ते प्रमाण मराठीत सांगितलं असतं तर खोटं झालं असतं.

सीमेवरच्या, दोन भाषांत राहणाऱ्या लेखकाला शब्द कमी पडतात, अशीही एक समजूत आहे. जी. ए. कुलकर्णी बेळगाव जिल्ह्यातल्या एकसंब्याला जन्मले आणि आयुष्याची कितीतरी वर्षं धारवाडला इंग्रजी शिकवत राहिले. भोवती कन्नड, वर्गात इंग्रजी, कागदावर मराठी. कॉनराड रिक्टर या अमेरिकन लेखकाच्या तीन कादंबऱ्या त्यांनी मराठीत आणल्या. मूळ नावांचा शब्दशः अर्थ झाडं, शेतं आणि नगर. जीएंनी नावं दिली ‘रान’, ‘शिवार’ आणि ‘गाव’. ‘शिवार’ पाहा. शेतं म्हटलं की जमिनीचे तुकडे दिसतात. शिवार म्हटलं की गावाची शीव दिसते आणि तिच्या आतली सगळी कसलेली जमीन एकदम दिसते. जंगल तोडून माणसांनी वस्ती केली, तिला हद्द आली, ही त्या कादंबऱ्यांची गोष्ट एका शब्दात आली. हा शब्द ठेवणीतला आहे का? कुठल्याही शेतकऱ्याच्या तोंडी तो रोज असतो. जीएंचं मोठेपण तो शब्द माहीत असण्यात नाही. अमेरिकेतल्या ओहायोच्या जंगलासाठी धारवाडात बसून तो उसना घ्यावासा वाटला, यात आहे.

आणि बेंद्रे. दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे, जन्म १८९६, धारवाड, घरची भाषा मराठी. कन्नडमधले ते एवढे मोठे कवी की ‘नाकु तंती’ला ज्ञानपीठ मिळालं. त्यांची कविता उभी आहे ती धारवाडच्या रस्त्यावरच्या, बायकांच्या गाण्यांतल्या, बाजारातल्या कन्नडवर. घरात दुसरी भाषा असलेला माणूस दाराबाहेरची भाषा अधिक कान देऊन ऐकतो, कारण तिच्यातलं काहीच त्याला गृहीत धरता येत नाही. उमा कुलकर्णींचं उदाहरण तर आपल्या डोळ्यांसमोरचं आहे. याच म्हैसुरात राहिलेले भैरप्पा महाराष्ट्राच्या घराघरांत गेले ते त्यांच्या अनुवादांतून, आणि त्या अनुवादांमागची कामाची पद्धत त्यांनी स्वतःच सांगितली आहे : विरूपाक्ष कुलकर्णींनी कन्नड मजकूर वाचून ध्वनिमुद्रित करायचा, उमाताईंनी तो ऐकून मराठीत लिहायचा. कानातून हातात. अनुवाद शिकू इच्छिणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हे सांगते.

शुद्धतेच्या आग्रहाबद्दलही बोलायला हवं, कारण शब्दसंपदेच्या पाठोपाठ तो येतोच. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून रघुनाथ पंडितांनी ‘राजव्यवहारकोश’ केला, फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. राज्य नवं होतं, त्याची गरज खरी होती. सावरकरांनी सुचवलेले ‘महापौर’ आणि ‘दिनांक’ आपण आज सहज वापरतो. म्हणजे शब्द घडवता येतात, रुळवताही येतात. पण जमीन, अर्ज, हक्क, खर्च हे शब्द कुठल्याही कोशाने हलले नाहीत, कारण ते वापरणाऱ्यांनी त्यांची किंमत केव्हाच चुकती केली होती. इथे म्हैसुरात किराणा दुकानात गेलं की ‘तुप्प’ मागतात. आपलं तूप कन्नडमधून आलं असं अभ्यासक सांगतात. अडकित्ता, अण्णा, अक्का यांचीही तीच गोष्ट. देवापुढच्या निरांजनात, पुरणपोळीवर, वरणभातावर आपण जे वाढतो ते शब्दाने उसनं आहे. त्याने पोळी बाटली नाही. बाटण्याची भीती नेहमी नव्या पाहुण्याबद्दल असते. जुना पाहुणा घरचा होऊन बसलेला असतो.

कोशांविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे खंड माझ्या टेबलाच्या डाव्या हाताला असतात आणि रोज उघडले जातात. भांडण वापरण्याच्या रीतीशी आहे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला, वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये. आजही त्याला तोड नाही. त्याच्या शीर्षकपानावर मोल्सवर्थ आणि कँडी बंधूंची नावं आहेत. ज्या शास्त्री-पंडितांनी शब्द गोळा केले, त्यांची तिथे नाहीत. ज्यांच्या तोंडून ते घेतले त्या कुणब्यांची, सुतारांची, बायकांची तर कुठेच नाहीत. शब्दांची मालकी अशी बदलते. बोलणाऱ्याकडून गोळा करणाऱ्याकडे, तिथून छापणाऱ्याकडे, आणि शेवटी ‘शब्दप्रभू’ म्हणवून घेणाऱ्या लेखकाकडे.

कोशाचा दुसरा एक प्रकार मी कन्नडमध्ये पाहिला. जी. वेंकटसुब्बय्या हे म्हैसूरच्या महाराजा कॉलेजात शिकलेले कोशकार. २०२१ मध्ये, वयाच्या १०७व्या वर्षी गेले. ‘प्रजावाणी’ दैनिकात त्यांचं ‘इगो कन्नड’ नावाचं सदर असे. इगो म्हणजे ‘हे घ्या’. वाचकांनी अडलेला शब्द विचारायचा, त्यांनी उत्तर द्यायचं. ‘आजचा शब्द’ आणि ‘इगो’ यांच्यातला फरक मला फार मोलाचा वाटतो. ‘आजचा शब्द’ कुणी विचारलेला नसतो. ‘इगो’ला आधी प्रश्न लागतो. जो शब्द आपल्याला अडलेलाच नव्हता तो पाठ केला तर संध्याकाळपर्यंत विसरतो, आणि नाही विसरला तर त्याहून वाईट, कारण मग तो कुठेतरी घुसडावासा वाटतो. ‘आजचा शब्द’ वाचून लिहिलेली पानं मी परीक्षक म्हणून वाचली आहेत. त्यात पाऊस पडत नाही, ‘पर्जन्य वर्षतो’.

आता प्रेरणा. मला वीस मिनिटं बोलायचं होतं त्या विषयाचं माझ्याकडचं उत्तर दोन वाक्यांचं आहे. शब्द अडतो, तेव्हा मी उठते आणि कुणाला तरी विचारायला जाते. जाताना आणि येताना जे दिसतं, ऐकू येतं, त्यातून पुढचं लिहिलं जातं. ‘जगलि’ अडली नसती तर आजीच्या सोप्याखाली उकिडव्या बसलेल्या बायका मला आठवल्या नसत्या, आणि त्या उन्हात का बसत होत्या हे पन्नाशी जवळ आली तरी कळलं नसतं. मला तरी त्या कळण्याने लिहितं ठेवलं आहे. ते तळ्याकाठी बसून आलं नाही. कुक्करहळ्ळीचं तळं सुंदर आहे, मी रोज त्याला फेरी मारते, पण त्याने मला आजवर एकही वाक्य दिलेलं नाही. बिचाऱ्याकडून ती अपेक्षाही नाही.

हे काही माझं नवं मत नव्हे. अकराव्या शतकात काश्मिरात मम्मटाने काव्याची कारणं सांगताना शक्तीबरोबर निपुणता आणि अभ्यासही सांगितला. ही निपुणता कुठून येते? तर लोक, शास्त्र आणि काव्य पाहण्यातून. क्रम पाहा. आधी लोक, मग शास्त्र, मग काव्य. आपल्या कार्यशाळांनी शक्ती तेवढी ठेवली, तिला प्रेरणा हे नाव दिलं. निपुणतेतलं लोक काढून टाकलं आणि राहिलेल्या जागी यादी भरली.

एक आक्षेप मी स्वतःवरच घेते, कारण तो खरा आहे. एका विद्यार्थिनीने मला विचारलं होतं, “मॅडम, तुमच्याकडे निपाणीची आजी होती, शिंपीमामा आहेत. मी बंगळूरच्या फ्लॅटमध्ये वाढले, शाळा इंग्रजी, घरात मराठी फक्त जेवण वाढण्यापुरती. मी यादीशिवाय काय करू?” तिच्यापुढे माझी उसनवारीची थोरवी फोल वाटली. खेड्यातली माणसं म्हणजे शब्दांची खाण, आपण जायचं आणि उपसायचं, हा दुसऱ्या प्रकारचा अधाशीपणा झाला. त्यामुळे तिला सांगितलं ते इथेही सांगते. तुझी जेवण वाढण्यापुरती मराठी हीच तुझी सुरुवात. ‘वाढणे’ या एका क्रियापदाला धर. आपण पानात वाढतो, मूल वाढतं, किंमत वाढते. तुझ्या कन्नड मैत्रिणीच्या घरी जेवण ‘बडिसतात’. तिला विचार, तो शब्द आणखी कुठे लागतो. लिफ्टमनला, कुरिअरवाल्याला, घरी कामाला येणाऱ्या ताईंना ते आपल्या कामाला काय म्हणतात ते विचार. त्यांचा वेळ जाईल, तेव्हा त्यांना काही दे, निदान त्यांचं नाव विचार. यादी हवीच असेल तर शब्दापुढे अर्थ लिहू नकोस, ज्याच्याकडून ऐकलास त्याचं नाव लिही. वर्षभराने तुझ्याकडे तीनशे शब्द नसतील, तीस माणसं असतील. लिहायला तेवढी पुष्कळ झाली.

कुणी म्हणेल, शब्दांची संख्या महत्त्वाची नाही का? आता तर यंत्रंही अनुवाद करतात. पर्यायी शब्द पुरवण्यात मी त्यांच्याशी बरोबरी करू शकत नाही, कुणीच करू शकत नाही. शर्यत साठ्याची असेल तर ती आपण हरलेलीच आहे. सहा शब्दांतला सोपाच का, हे सांगायला मात्र त्या पायरीपाशी कधीतरी उभं राहिलेलं कुणीतरी लागतं. अनुवादकाला पानामागे जो तुटपुंजा दर मिळतो तो या उभं राहण्याचा असायला हवा. सध्या तो टंकलेखनाचा असल्यासारखा मिळतो, आणि पान गाळायची वेळ आली की ऋणनिर्देशाचं गाळलं जातं.

आपल्याकडे म्हण आहे, ताकाला जाऊन भांडं लपवू नये. लेखक म्हणून आपण सगळे ताकाला जातो. भांडं लपवायचं, घरी येऊन म्हणायचं की ताक माझ्याच गायीचं, आणि मग त्यावर कार्यशाळा घ्यायच्या, हे आता थांबवूया. शेजारणीकडून वाटीभर साखर आणली तर ती वाटी रिकामी परत देत नाहीत, एवढा शिष्टाचार आपल्या आयांनी पाळला. संपादकांनी प्रादेशिक म्हणून शब्द खोडण्यापूर्वी अनुवादकाला एक फोन करावा. प्रकाशकांनी ऋणनिर्देशाचं पान फॉर्मात बसवावं. आणि लेखकांनी ‘माझी शब्दसंपदा’ म्हणण्यापूर्वी मागे वळून पाहावं.

आयोजकांना मी कळवलं आहे की मी येईन. पन्नास शब्दांची यादी देणार नाही. माझ्या सत्रात टेलरमामा माझ्या शेजारी बसतील, एक सदरा बेतून दाखवतील, मुलांनी त्यांना हवं ते विचारावं. त्यांना माझ्याइतकंच मानधन द्यावं आणि पत्रिकेत त्यांचं नाव माझ्या नावाच्या ओळीत छापावं. मामांना विचारलं तर म्हणाले, “येईन की. पण मराठीत बोलायचं म्हणजे शुद्ध बोलायचं काय?” मी म्हटलं, तुम्ही बोलता तसंच बोला.

आयोजकांचं उत्तर अजून यायचं आहे.